वर्षाला बाराशे रुपये वर्गणी: गॅरेजवाल्यांच्या संघटनेत आमची तीन वर्षं

सांगलीत आमचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. कोल्हापूर रोडच्या बाजूला पत्र्याचं शेड, दाटीवाटीनं पाच गाड्या मावतात. माझे वडील, म्हणजे आण्णा, 31 वर्षं पत्र्याचं काम करतायत. त्यांच्याबरोबर एक पेंटरमामा आणि दोन हेल्पर. मी बी.कॉम. करून दोन वर्षं एका सीएंकडे होते, आता गॅरेजची एस्टिमेटं, बिलं आणि विम्याचे क्लेम बघते. डिसेंबर 2022 मध्ये आम्ही जिल्ह्यातल्या स्वतंत्र गॅरेजवाल्यांच्या संघटनेचे सभासद झालो. स्वतंत्र म्हणजे ज्यांच्या बोर्डावर कुठल्या कार कंपनीचं नाव नाही अशी, आमच्यासारखी. शंभर फुटी रोडवरचे, मिरजेचे, कुपवाडचे ओळखीचे लोक सारखे विचारतात, "वर्गणी भरून मिळतं काय गं?" प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

प्रवेश फी 500, वर्षाची वर्गणी 1,200. पावती मिळते, हिशेब वर्षातून एकदा सभेत वाचून दाखवतात. पैशाच्या बाबतीत मला कुठं काही खटकलं नाही.

आम्ही सभासद का झालो ते आधी सांगते. आण्णांचं एस्टिमेट म्हणजे लेटरहेडवर एक ओळ असायची: "पुढची साईड पूर्ण रिपेअर, कलरसहित 22,000." नुकसान तपासायला विमा कंपनीकडून आलेले सर्व्हेअर साहेब विचारायचे, कशाचे बावीस? आण्णांना प्रत्येक पैशाचं उत्तर माहीत असायचं, पण ते त्यांच्या हातात होतं, कागदावर नव्हतं. मग बावीसचे पंधरा व्हायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, कंपनीनं एवढेच दिलेत, तेवढ्यातच भागवा. आण्णा भागवायचे. पुट्टी मात्र कधी जास्त थापली नाही त्यांनी. नुकसान घरात यायचं, गाडीत जायचं नाही. माझ्या बारावीच्या क्लासची फी दोन हप्ते थकली होती ती अशाच एका क्लेमपायी. हे मी विसरलेली नाही.

संघटनेनं पहिली गोष्ट दिली ती एस्टिमेटचा नमुना. साधी दोन पानं, मराठीत. प्रत्येक भागाची वेगळी ओळ: खोलणे-बसवणे, डेंटिंग, वेल्डिंग, कलरचं मटेरियल, कलरची मजुरी. भाग बदलायचा असेल तर का बदलायचा, ते एका वाक्यात लिहायचं. फोटो तीन वेळा काढायचे: गाडी आली तशी, बंपर-फेंडर खोलल्यावर, आणि नवीन भाग बसवल्यावर कलरच्या आधी. मिरजेत ज्यांचं स्वतःचं गॅरेज आहे ते संघटनेचे सेक्रेटरी काका आमच्याकडे येऊन दोन तास बसले आणि आमच्याच एका जुन्या कामाचं एस्टिमेट नव्यानं लिहून घेतलं. जे काम आण्णांनी 22,000 ला सांगितलं होतं, ते ओळीनं लिहिल्यावर 27,300 चं निघालं. आण्णा कितीतरी वेळ त्या कागदाकडं बघत बसले होते.

दुसरी गोष्ट म्हणजे घसाऱ्याचा तक्ता, म्हणजे भाग जुना म्हणून विमा कंपनी किती पैसे कापते त्याचा. तो आता आमच्या टेबलामागं भिंतीवर आहे. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याची जादा सोय, नसलेली साधी पॉलिसी असेल तर प्लास्टिक, रबर, बॅटरी यांचे निम्मे पैसे कापले जातात. फायबरचे 30 टक्के. काचेचे काही नाही. लोखंडी पत्र्याचं गाडीच्या वयावर: पहिले सहा महिने काही नाही, मग वर्षापर्यंत 5 टक्के, दोन वर्षांपर्यंत 10, तीनपर्यंत 15, चारपर्यंत 25, पाचपर्यंत 35, दहापर्यंत 40, त्यापुढं 50. कलरच्या एकत्र बिलात पाव हिस्सा मटेरियल धरतात आणि त्याचं निम्मं कापतात. वर 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 रुपये आणि त्यापुढच्या गाडीला 2,000 मालकानंच भरायचे. गाडी शेडमध्ये आल्यावर मी गिऱ्हाइकाला या तक्त्यासमोर बसवते आणि त्याच्या खिशातून साधारण किती जाणार ते त्याच दिवशी सांगते. पूर्वी हा आकडा शेवटी कळायचा, आणि सगळा राग आण्णांवर निघायचा. गेल्या तीन वर्षांत गाडी नेताना आमच्याकडं एकही भांडण झालेलं नाही.

आता ज्या एका कामामुळं मी मनापासून या संघटनेची झाले ते सांगते.

2025 च्या जानेवारीत, ऐन उसाच्या हंगामात, तासगावच्या एका शाळेतल्या मॅडमची हॅचबॅक कवठे एकंदजवळ रात्री नऊच्या सुमाराला उसाच्या ट्रॉलीवर मागून धडकली. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता, मागचा दिवा नव्हता, रस्ताभर चिपाडं. मॅडमना लागलं नाही, देवाची कृपा. गाडीची डावी बाजू मात्र आत गेली होती: बंपर, हेडलाईट, बोनेट, डावा फेंडर, रेडिएटर सपोर्ट आणि आतला अ‍ॅप्रन. गाडी सव्वाचार वर्षांची, झिरो डेप घेतलेला नव्हता.

विमा कंपनीच्या फोनवरच्या माणसानं मॅडमना सांगितलं, "आमच्या यादीतल्या गॅरेजलाच गाडी न्या, बाहेर केली तर क्लेम बसणार नाही." यादीतलं जवळचं गॅरेज कोल्हापुरात. मॅडम घाबरून म्हणाल्या, "मग नेऊ का गं तिकडं?" मी सेक्रेटरी काकांना फोन लावला. ते म्हणाले, "त्यांना एवढंच म्हणायचं, हे तुम्ही जे बोललात ते मेलवर लिहून द्या." मॅडमनी तसंच म्हटलं. मेल काही आला नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाचा फोन आला: गाडी कुठंही करा, फक्त कॅशलेस मिळणार नाही, बिल आधी भरा, मग पैसे खात्यावर येतील. खरा नियम हाच आहे. कॅशलेस ही कंपनीची आणि गॅरेजची आपसातली सोय आहे. गाडी कुठं दुरुस्त करायची ते मालक ठरवतो. हे एक वाक्य माहीत नसल्यामुळं आमच्या शेडमधून आजवर किती गाड्या परत गेल्या असतील, ते आठवलं की जीव तळमळतो.

नुकसान 50,000 च्या वर जाणार होतं, म्हणजे परवानाधारक सर्व्हेअर येणं भागच होतं. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्यानं 15 दिवसांत रिपोर्ट द्यायचा, आणि रिपोर्ट मिळाल्यापासून सात दिवसांत कंपनीनं निर्णय कळवायचा. संघटनेनं हे मराठीत छापून सगळ्यांना वाटलंय. सर्व्हेअर साहेब आले, बाकी सगळं मान्य केलं, पण अ‍ॅप्रनपुढं लिहिलं, "रिपेअर, मजुरी 2,500." आण्णा म्हणाले, "साहेब, हा ठोकून सरळ दिसंल, पण मापात बसणार नाही." साहेब म्हणाले, दाखवा.

अ‍ॅप्रन म्हणजे फेंडरच्या आतला पत्रा. पुढच्या चाकाचा स्ट्रट, म्हणजे शॉकअॅब्सॉर्बरचा खांब, वर त्यालाच धरलेला असतो. तो तिरका राहिला तर बोनेटची फट एका बाजूला मोठी राहते, अलाईनमेंट बसत नाही आणि टायर एकीकडून खातो. पण दाखवायचं कसं? कार कंपन्या बॉडीच्या मापाचा तक्ता आमच्यासारख्यांना देत नाहीत.

काका मिरजेहून स्कूटरवर आले, पायाशी ट्रॅम गेज आडवा ठेवून. लांब पट्टी आणि तिच्यावर सरकणारी दोन टोकं, एवढंच ते हत्यार असतं. उजव्या स्ट्रटच्या बोल्टपासून डाव्या चेसिसच्या पुढच्या भोकापर्यंत एक माप, मग डाव्या स्ट्रटपासून उजव्या भोकापर्यंत दुसरं. अशी फुली घातली की तक्ता लागत नाही, गाडीच स्वतःचं माप सांगते, कारण दोन्ही तिरक्या रेषा सारख्या यायला पाहिजेत. फरक आला 11 मिलिमीटर. काकांनी गेज सर्व्हेअर साहेबांच्या हातात दिला आणि म्हणाले, "आता तुम्ही घ्या माप." साहेबांनी गुडघे टेकून दोनदा घेतलं. अकराच. मी फोटो काढले, माप लिहिलं, तारीख घातली, तिघांच्या सह्या घेतल्या. साहेब म्हणाले, "असं मोजमाप असेल तर मला बदलायचं लिहायला काहीच अडचण नाही." ते भले माणूस होते, आणि हे मुद्दाम सांगते. इतकी वर्षं आम्ही सर्व्हेअरला समोरचा पक्ष समजत आलो. त्यांनाही वर उत्तर द्यायचं असतं, त्यांना कागद लागतो.

चेसिस खेचायला संघटनेचा हायड्रॉलिक पुलिंग सेट आणला, तीन दिवसांचं भाडं 600 रुपये. आधी खेचून माप जुळवलं, मग नवा अ‍ॅप्रन. कलर झाल्यावर आण्णांनी नेहमीसारखं पातळ सुती फडकं फेंडरवर पसरलं आणि डोळे मिटून त्यावरून तळवा फिरवला. फडक्यामुळं हात सरकतो, आणि डोळ्याला न दिसणारी लाट तळव्याला कळते. हेडलाईटच्या वर दोन बोटांवर थांबले, पेंटरमामांना म्हणाले, "इथं जरा बोलतोय पत्रा." तेवढा भाग परत घासून घेतला.

बिल झालं 63,600. प्लास्टिकचे निम्मे, पत्र्याचे 35 टक्के आणि 16,000 च्या कलरमधून 2,000 मिळून 15,500 कापले गेले, वर सक्तीचे 1,000 आणि जुन्या भंगाराचे 600. मॅडमच्या खिशातून 17,100 गेले, कंपनीनं 46,500 दिले. पहिल्याच दिवशी तक्त्यासमोर बसून मी मॅडमना "सोळा-सतरा हजार" म्हटलं होतं. चेसिस कुठल्या मापावर आहे तो सह्यांचा कागद मॅडमनी गाडीच्या कागदपत्रांत ठेवलाय.

प्रशिक्षणाबद्दल. वर्षातून दोन-तीन वेळा कुपवाड एमआयडीसीत एका सभासदाच्या शेडमध्ये असतं. मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते पत्र्याचं. नव्या गाड्यांच्या पिलरमध्ये (छत धरणाऱ्या उभ्या खांबांत), चेसिसमध्ये जे जास्त ताकदीचं पोलाद असतं, ते गॅसनं लाल करून ठोकायचं नाही, असं शिकवणारे सांगत होते. आण्णा उठून म्हणाले, "एकतीस वर्षं गॅसवरच काम केलं मी." शिकवणाऱ्यांनी वाद घातला नाही. एका भंगार पिलरच्या दोन पट्ट्या कापल्या. एक लाल करून गार होऊ दिली, एक तशीच ठेवली. दोन्ही शिकंज्यात धरल्या आणि आण्णांना म्हणाले, वाकवा. तापवलेली एका हातानं वाकली. दुसरी दोन्ही हातांनी जोर लावूनही हलली नाही. गाडीत बसलेल्या माणसाला वाचवणारी ताकद तीच असते. परत येताना आण्णा गाडीत काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी हेल्परना सांगितलं, पिलरला आणि चेसिसला गॅस लावायचा नाही, मला विचारल्याशिवाय तर नाहीच.

मास्कचंही तसंच. टू-के कलर म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा कलर. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, त्यानं दमा लागतो, आणि एकदा लागला की थोड्याशा वासानंही उठतो. तोंडाला बांधलेल्या रुमालातून ते आरपार जातं. संघटनेनं कार्ट्रिजचे, म्हणजे वाफ गाळणारी डबी लावलेले, मास्क एकत्र घेतले, आम्हाला एक नग बाजारापेक्षा तीनशे रुपयांनी स्वस्त पडला. पेंटरमामा आधी घालत नव्हते, म्हणायचे जीव गुदमरतो. मीच हट्ट धरला. आता ते कार्ट्रिजवर बदलल्याची तारीख स्वतः लिहितात. पण इथं माझी तक्रार आहे: एकदा मास्क दिले आणि काम झालं असं संघटना समजते. कार्ट्रिज संपतं. ते दर काही महिन्यांनी एकत्र मागवायला पाहिजेत, आणि सगळ्या पेंटरांची छातीची तपासणी वर्षातून एकदा ठेवायला पाहिजे. मी दोनदा लेखी दिलंय.

बारीकसारीक उपयोग बरेच आहेत, ते भराभर सांगते. 22 सप्टेंबर 2025 ला स्पेअर पार्टवरचा जीएसटी 28 चा 18 टक्के झाला, तेव्हा आदल्या आठवड्यातच मेसेज होता की अडकलेली एस्टिमेटं नव्यानं करा. आमच्या तीन गिऱ्हाइकांचे पैसे वाचले. दर जूनमध्ये पुराच्या पाण्याबद्दल पत्रक येतं: पाणी शिरलेली गाडी स्टार्ट मारू नका. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान बसत नाही. 2019 ला आमच्या शेडमध्ये कमरेएवढं पाणी होतं, त्यानंतरच्या पंधरवड्यात चावी फिरवून इंजिन घालवलेल्या किती गाड्या आण्णांनी ओढून आणल्या! तेव्हा हे पत्रक घरोघरी असतं तर.

क्लेम अडला तर पुढं कुठं जायचं तेही संघटना सांगते. आधी कंपनीकडं लेखी तक्रार, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याचा विमा लोकपाल. तिथं फी नाही, वकील लागत नाही. अर्ज गाडीमालकाच्या नावानं जातो, गॅरेजच्या नाही, हे लक्षात ठेवा. आमच्यावर अजून ती वेळ आलेली नाही, शेजारच्या एका सभासदाच्या गिऱ्हाइकाचा अर्ज काकांनी मराठीतच लिहून दिला होता.

पार्टच्या आणि माहितीच्या प्रश्नावर मात्र संघटनेची ताकद तोकडी पडते. भारतीय स्पर्धा आयोगानं 2014 मध्येच 14 कार कंपन्यांना 2,544 कोटींचा दंड केला होता, सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून. बाहेर दुरुस्ती केली एवढ्या कारणावर सरसकट वॉरंटी काढून घेऊ नका, असंही त्यात होतं. कंपन्या अपिलात गेल्या. 2022 च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. पण आज एअरबॅगचा दिवा लागलेली गाडी आमच्याकडं आली की ती शोरूमलाच पाठवावी लागते. संघटनेनं पत्रं पाठवली, त्यांच्या प्रती मी बघितल्यात. चांगली लिहिलेली आहेत. पण जिल्ह्याच्या संघटनेच्या पत्रानं हे सुटणारं नाही, सातारा-कोल्हापूरच्या गॅरेजवाल्यांना बरोबर घ्यायला पाहिजे. त्याबद्दल दोन वर्षं नुसतं बोलणं चाललंय.

सभा महिन्याच्या दुसऱ्या रविवारी रात्री नऊला असते. जत, आटपाडीच्या सभासदांनी यायचं कसं? मी जाते ती आण्णांना घेऊन, आणि सभेत बहुतेक वेळा एकटीच बाई असते. मान सगळे देतात, "ताई, बसा" म्हणून पुढं खुर्ची देतात. पण गॅरेजची कागदपत्रं घरोघरी बायका-मुली बघतात, हे मला फोनवरून माहीत आहे. त्यांच्यासाठी दुपारी दोन तासांचा एस्टिमेटचा वर्ग ठेवा असं मी सुचवलं, तर यंदा फेब्रुवारीत एक झाला. नऊजणी आल्या. विट्याहून एक तर तान्हं बाळ घेऊन आली होती, आणि सगळ्यात जास्त प्रश्न तिनंच विचारले.

सगळ्यात मोठा दोष शेवटी लिहिते, कारण तो लिहिताना जड जातं. काही सभासद लोकल पार्ट बसवून कंपनीच्या पार्टचं बिल लावतात. सगळ्यांना माहीत आहे. लोकल बंपर बसवायला हरकत नाही, गिऱ्हाइकाला सांगून, लोकलच्याच किमतीत. पण न सांगता बसवला तर ती चोरी आहे, आणि त्यापायी सर्व्हेअर आमच्यासारख्यांच्या बिलाकडंही संशयानं बघतो. मी सभेत हे बोलले तेव्हा सगळे गप्प झाले. अध्यक्ष म्हणाले, "ताई, हे आपण नंतर बघू." आमच्याकडं पार्टचं खोकं, त्यावरचं लेबल आणि जुना भाग गिऱ्हाइकाला दाखवून सही घेतात. हाच नियम सगळ्या सभासदांना लावा, आणि जो मोडेल त्याचं सभासदत्व काढा, असं माझं म्हणणं आहे.

संघटनेला माझे गुण पाचपैकी चार. एक मी या पार्टच्या बाबतीत गप्प बसण्यासाठी कापलाय. यंदाचे बाराशे भरले, सभासद व्हायचं असेल त्यांनी गॅरेजचा दुकान परवाना किंवा उद्यम नोंदणी, आधार आणि दोन फोटो न्यायचे, बाकी काही लागत नाही. खोक्याच्या नियमाचा लेखी ठराव मी पुढच्या सभेसाठी दिलाय. सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदकाच्या जागी कोण सही करणार याची काळजी होती, आण्णांनी पेन मागून घेतलं. त्यांच्या खाली पेंटरमामांनीही केली. मामा सभासद नाहीत, त्यांची सही धरत नाहीत म्हणून काकांनी सांगितलं, तरी मी ती तशीच ठेवलीय.